शनिवारचं खाणं

“एवढंसंच लावायचं असतं, आई. लोणी जास्त आणि हे अगदी कमी,” असं म्हणत संग्रामनं भाजलेल्या पावावर सुरीच्या टोकानं काळंकुट्ट काहीतरी पसरलं आणि बशी माझ्याकडं सरकवली.

दिसायला ते गाडीच्या चाकाला घालायच्या वंगणासारखं होतं. उजवा हात प्लास्टरमध्ये होता, म्हणून मी डाव्या हातानं पाव उचलला. पहिल्या घासालाच जीभ खारटपणानं आखडली. संग्राम समोर बसून माझ्या तोंडाकडं बघत होता. लहानपणी त्याला एरंडेल पाजलं की मीही अशीच बघत बसायची, गिळतोय की थुंकतोय.

“कसं लागतं?”

“चांगलं आहे,” मी म्हटलं आणि उरलेलाही संपवला.

त्याला इतका आनंद झाला की मी अजून एक मागून घेतला. व्हेजिमाइट म्हणतात त्याला, यीस्टपासून करतात, इथली पोरं यावरच वाढतात, असं काय काय तो सांगत राहिला. कितीतरी दिवसांनी माझ्याशी तो एवढं बोलत होता. मला तेवढंच पुरेसं होतं.

ही ॲडलेडमधली गोष्ट. मी मालन कणसे, मूळची कराडची. इंजिनिअरिंग कॉलेजच्या मुलांची खानावळ मी पंचवीसेक वर्षं चालवली. संग्राम चौथीत असताना त्याचे वडील गेले आणि त्या खानावळीवरच तो शिकला, इंजिनिअर झाला, इकडं आला. पुढं माझे गुडघे गेले. खानावळ बंद केली, जागा विकली आणि त्याच्याकडं कायमची राहायला आले. पहिल्याच आठवड्यात त्यानं मला एक इंग्रजी वाक्य पाठ करून दिलं. फिरायला गेल्यावर कुणी विचारलं तर म्हणायचं, “आय लिव्ह हिअर विथ माय सन.” लिव्ह म्हणजे राहणं, हिअर म्हणजे इथं. मी ते कुंपणापलीकडच्या बाईला म्हणून दाखवलं तेव्हा त्यानं माझी पाठ थोपटली होती.

संग्राम आणि सून केतकी दोघंही सकाळी कामाला जायची. मी दिवसभर एकटी. स्वयंपाक करायची, दुपारी टीव्ही बघायची. हिवाळ्यात एकदा सकाळी न्हाणीत पाय घसरून पडले. मनगट मोडलं आणि गुडघ्यांमुळं उठता येईना. केतकी संध्याकाळी घरी आली तोवर मी तशीच गार फरशीवर पडून होते. तिनं मला उठवलं, अंगावर रजई घातली आणि संग्रामला फोन करता करता रडायला लागली. मीच तिला म्हटलं, अगं, हात मोडलाय, मी नाही.

त्यानंतर माझा स्वयंपाक बंद झाला आणि शनिवारचं खाणं सुरू झालं. संग्राम म्हणाला, एवढी वर्षं तू लोकांना खायला घातलंस, आता मी तुला घालतो. इथं राहायचं तर इथलं खाणं तुला ठाऊक पाहिजे.

खरं सांगते, ते शनिवार मला फार आवडायचे. नवरा गेल्यापासून मला कुणी बाहेर जेवायला नेलं नव्हतं. मी इस्त्रीचं पातळ नेसायची, वर केतकीचा जाड कोट घालायची आणि संग्रामच्या शेजारी गाडीत बसायची. एकदा त्यानं पाय खायला नेलं. पाय म्हणजे मैद्याच्या पारीत मटण किंवा चिकन भरून भाजलेला बंद वाटीसारखा पदार्थ. या गावात तो वाटाण्याच्या दाट सूपमध्ये पालथा घालून देतात आणि वर टोमॅटोचा सॉस ओततात. आमचा चिकनचा होता. रात्री मी फोनवर माझ्या बहिणीला, शालनला सांगितलं की संग्रामनं आज पाय खायला घातला, तर ती म्हणाली, तिकडं बोकडाचे खूर मिळतात होय? मी आणि केतकी पोट धरून हसलो. संग्रामही हसला, पण जरा उशिरानं.

एका शनिवारी हार्डवेअरच्या मोठ्या दुकानाच्या दारात लोक लोखंडी तव्यावर सॉसेज भाजत होते. त्यातलं मांस गाईचं असतं, म्हणून संग्रामनं माझ्यासाठी पावात नुसता परतलेला कांदा आणि सॉस घालून आणला. उन्हात उभं राहून आम्ही खाल्लं. लॅमिंग्टन मला मनापासून आवडला. चॉकलेटात बुडवून खोबऱ्याच्या किसात घोळवलेला केकचा चौकोनी तुकडा असतो तो. खोबरं दिसलं आणि मला माहेरचं कुणी भेटल्यासारखं झालं. पावलोव्हा म्हणून अंड्याच्या पांढऱ्या फेसाचा गोड डोंगर असतो, वर साय आणि फळं. तोही बरा, पण तोंडात घातला की नाहीसा होतो, खाल्ल्यासारखं वाटत नाही.

पुढं पुढं खाणं मऊ होत गेलं. कुस्करलेला बटाटा, नुसत्या मिठावर भाजलेला भोपळा, उकडलेले वाटाणे, त्यावर तपकिरी ग्रेव्ही. फोडणी नाही, तिखट नाही. मला वाटलं, माझ्या वयाकडं बघून तो हे निवडत असेल. मला आवडायचं नाही, पण मी ताट कधी टाकलं नाही. माझी बशी रिकामी झाली की त्याचा चेहरा सैल व्हायचा आणि त्या चेहऱ्यासाठी मी ग्रेव्हीही पावानं पुसून खायची. रविवारी सकाळी तो न चुकता विचारायचा, पोटाला काही त्रास नाही ना झाला? मी नाही म्हणायची. मनात यायचं, आईच्या पोटाची एवढी काळजी करणारा मुलगा कुणाच्या नशिबात असतो.

मधे एकदा आठवड्याच्या दिवशी एक बाई घरी आली. संग्रामनं त्या दिवशी रजा घेतली होती. इथं सरकार वयस्कर माणसांची अशी चौकशी करतं, असं त्यानं सांगितलं. तिनं मला खुर्चीतून उठायला लावलं, डाव्या हातानं बटण लावायला लावलं. अंघोळ कोण घालतं, रात्री किती वेळा उठता, असं ती विचारत होती आणि संग्राम मला मराठीत सांगत होता. शेवटी खाण्याचं निघालं. तेव्हा तो तिला इंग्रजीत बराच वेळ काहीतरी सांगत होता. त्यात लॅमिंग्टन हा शब्द मला ऐकू आला, म्हणून मीच हसून म्हटलं, “लॅमिंग्टन गुड. ऑल गुड.” बाईही हसली.

त्या संध्याकाळी केतकी माझ्या खोलीत आली. माझ्या प्लास्टरच्या हाताखाली उशी नीट करत बसली. मग म्हणाली, “आई, एखादी गोष्ट आवडत नसेल तर त्याला स्पष्ट सांगा हं. त्याला बरं वाटावं म्हणून हो म्हणू नका.”

मी म्हटलं, अगं, मायेनं नेतो तो, त्याला कसं नाही म्हणू?

 तिनं उशीचा अभ्रा ओढून सरळ केला आणि ती गेली. मला वाटलं, संग्राम दर शनिवारी मला एकटीला नेतो, हे तिला लागत असेल. सासू झाल्यावर बाईच्या डोक्यात असले विचार आपोआप येतात.

प्लास्टर निघाल्यावर पहिल्याच शनिवारी संग्राम म्हणाला, आज जरा मोठ्या ठिकाणी जाऊ. केतकी आली नाही. तिचं डोकं दुखत होतं.

ती विटांची एकमजली लांबलचक इमारत होती. दारात गुलाबाचे ताटवे होते. आत गेल्यावर लांब पॅसेज, त्याच्या दोन्ही भिंतींना कमरेएवढ्या उंचीवर लाकडी दांडी लावलेली. मला ती सोयीची वाटली. मी ती धरूनच चालले. पुढं मोठं जेवणघर होतं, चौघांचं एकेक टेबल, खिडकीतून ऊन. संग्रामनं मला एका टेबलाशी बसवलं आणि स्वतः शेजारी बसला. समोर लिपस्टिक लावलेली एक म्हातारी होती. तिनं मान हलवून हसून बघितलं.

कुणी काय हवं म्हणून विचारलं नाही. तपकिरी शर्ट घातलेल्या मुलीनं माझ्यापुढं ताट ठेवलं. मेंढीच्या मटणाचे पातळ काप, भोपळा, बटाटा, वाटाणे, कडेला पुदिन्याचा सॉस. मटणाचे आधीच लहान लहान तुकडे केलेले होते. संग्रामपुढं फक्त चहा आला.

मी खायला सुरुवात केली आणि खाता खाता इकडं तिकडं बघायला लागले. जेवणघरात गेलं की आजूबाजूची ताटं बघायची माझी जुनी खोड आहे. एक म्हातारा काठी टेकत आला आणि एका खुर्चीशी नुसता उभा राहिला. तिथं बसलेली बाई काही न बोलता उठून दुसरीकडं गेली. पलीकडच्या टेबलावर सॉसच्या बाटलीला चिठ्ठी चिकटवून कुणाचं तरी नाव लिहिलेलं होतं. कुणी ताटाकडं बघत नव्हतं. काय वाढलं असणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. एकजण वाटाणे बाजूला करत होता आणि वाढणारी मुलगी ते उचलायला आधीच वाटी घेऊन उभी होती.

हॉटेल कुठलं आणि खानावळ कुठली, हे मला सांगावं लागत नाही. इथं एकही गिऱ्हाईक नव्हतं. सगळे मेंबर होते.

तेवढ्यात समोरची म्हातारी पुढं वाकून मला काहीतरी बोलली. बाकीचं निसटलं, पण “विच रूम” एवढं मला कळलं. मी संग्रामकडं बघितलं. तो चहात चमचा फिरवत होता. साखर तो घेतच नाही.

मग तिथली मुख्य बाई आली. हेलन तिचं नाव. चांगली होती बिचारी, अजूनही चांगलीच आहे. ती माझ्या खुर्चीशी वाकली, तिनं माझ्या बऱ्या झालेल्या हातावर हात ठेवला आणि मला समजावं म्हणून एकेक शब्द सुटा करून विचारलं, “मालन, वुड यू लाइक टू लिव्ह हिअर?”

संग्राम म्हणाला, “आई, त्या विचारतायत, जेवण आवडलं का?”

तो माझ्याकडं बघत नव्हता. कागदी रुमालाची घडी घालत होता. घातली, मोडली, परत घातली.

खानावळीत दरवर्षी नवी पोरं यायची. कुणी कोकणातला, कुणी विदर्भातला, कुणी पार बिहारचा. आमच्याकडचं खाणं त्यांना सोसायचं नाही. मग पहिले काही दिवस मी त्यांच्या ताटात भात जास्त वाढायची, आमटी थोडी निराळी काढून ठेवायची, कधी आवडीचं गोड करायची. हळूहळू आपल्या चवीवर आणायची. पोरगं ताट चाटूनपुसून खायला लागलं की समजायचं, आता हा टिकला. संग्राम तेव्हा चुलीशेजारी पाटावर अभ्यासाला बसलेला असायचा. तो अभ्यासच करतो, असं मला वाटायचं.

मी ‘नाही’ म्हणू शकले असते. हेलननं ते ऐकलं असतं, कारण तिला खरंच विचारायचं होतं. पण मग माझ्या मुलानं खोटं सांगितलं, हे तिच्यासमोर उघडं पडलं असतं. शिवाय तो मला घरी घेऊन गेला असता आणि त्या घरात मी रोज कुणाच्या तोंडाकडं बघून जेवले असते? जिथून एकदा आपलं ताट उचललं गेलं, तिथं परत बसलं की माणूस पाहुणा होतो. आणि आमटी पातळ झालीय, असं मेंबर म्हणू शकतो, पाहुणा म्हणू शकत नाही.

मी संग्रामला उत्तर दिलं नाही. हेलनकडं बघून म्हटलं, “येस. आय लिव्ह हिअर.”

तिनं आनंदानं माझा हात दाबला. समोरच्या म्हातारीनं टाळ्या वाजवल्यासारखं केलं. संग्रामच्या हातातला रुमाल टेबलावर पडला. तो उचलायला तो वाकला आणि बराच वेळ वर आला नाही.

घरी जाताना अर्ध्या वाटेत त्यानं गाडी कडेला घेतली. सांगायला लागला. त्याला पर्थला बदली मिळत होती, केतकी बँकेतल्या नोकरीमुळं इथंच राहणार होती, मला दिवसभर एकटं ठेवायची दोघांनाही भीती वाटत होती. त्या दिवशी न्हाणीत मी मेले असते तर, हे त्याच्या डोक्यातून जात नव्हतं. त्यानं चांगल्या जागा बघितल्या, ही सगळ्यात चांगली होती. फक्त खाण्याची अडचण होती. कराडची बाई हे खाणार कसं, म्हणून आधी सवय. हे सगळं खरं होतं. मला ते तेव्हाही खरं वाटलं.

“तुला कसं विचारावं, तेच कळत नव्हतं,” तो म्हणाला.

मी म्हटलं, “विचारलं असतंस तर मी हो म्हटलं असतं, संग्राम. एका शब्दात म्हटलं असतं. एवढं खायला घालायची गरज नव्हती.”

तो स्टिअरिंगवर डोकं टेकून रडला. मी त्याच्या पाठीवरून हात फिरवला नाही. आयुष्यात पहिल्यांदा तो रडत असताना मी हात मांडीवर ठेवून बसले. रस्त्यावरनं गाड्या जात होत्या, त्या बघत राहिले.

केतकीनं माझी बॅग भरली. माझी पातळं घडी करता करता म्हणाली, मी त्याला सांगत होते, आई. मी म्हटलं, तू मलाही सांगत होतीस. मलाच ऐकू आलं नाही. निघायच्या आधीच्या दोन दिवसांत आम्ही दोघी जेवढं बोललो, तेवढं आधी कधी बोललो नव्हतो. निघताना ती पाया पडली. तिला उठवताना माझं मनगट दुखलं, पण मी दाखवलं नाही.

याला आता बरीच वर्षं झाली. इथली माणसं वाईट नाहीत. माझी खुर्ची ठरलेली आहे, खिडकीशेजारची. लिपस्टिकवाली म्हातारी, बेरिल, पहिल्याच वर्षी गेली. तिच्या जागेवर आता एक ग्रीक बाई बसते, तिला माझ्याएवढंही इंग्रजी येत नाही. शालन फोनवर विचारते, कशी आहेस, मुलगा काय म्हणतो? मी सांगते, मजेत आहे, सगळं आयतं मिळतं. केतकी दर बुधवारी बँकेतून सुटल्यावर येते, डब्यातून काहीतरी आणते आणि माझ्या खोलीत बसून आम्ही ते दोघी खातो. तिखट मला आता सोसत नाही. डोळ्यांत पाणी येतं. तिला वाटतं, दुसऱ्या कशानं येतं. 

संग्राम दोन वर्षांनी पर्थहून परत आला. दर रविवारी येतो, चुकवत नाही. येतो तो दुपारी तीनला, जेवणं उरकून टेबलं पुसून झाल्यावर. माझी नखं कापून देतो, चष्मा पुसून देतो. चहा यायच्या आत निघतो. त्याचेही केस आता पांढरे झालेत. त्या शनिवारांबद्दल आम्ही कधी बोललो नाही.

मागच्या हिवाळ्यात एका रविवारी त्याला दुपारनंतर कुठंतरी जायचं होतं, म्हणून तो बारालाच आला. आम्ही नुकतेच जेवायला बसलो होतो. वाढणारी मुलगी नवी होती. तिनं त्याला माझ्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीत बसवलं आणि काही न विचारता त्याच्यापुढंही ताट ठेवलं. मटणाचे काप, भोपळा, बटाटा, वाटाणे. ग्रेव्हीवर साय धरली होती.

त्यानं ताटाकडं बघितलं. मग काटा उचलला. मटण खाल्लं, भोपळा खाल्ला, बटाटा खाल्ला. मी माझं जेवत राहिले. वाटाण्यांपाशी आल्यावर तो थांबला.

“रोज असंच असतं का ग, आई?” त्यानं खाली बघतच विचारलं.

“नाही,” मी म्हटलं. “शुक्रवारी मासा असतो.”